सुरू होण्याआधीची तपासणी

लिनक्सचा सोर्स कोड जगाला जिथून मिळतो, त्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरची फाइल सिस्टीम २००० च्या दशकाच्या मध्यात एकदा बिघडली. सर्व्हर बाजूला काढून डिस्कची तपासणी लावली गेली. ती संपायला आठवड्याहून जास्त काळ लागला. त्यानंतरच सर्व्हर पुन्हा कामाला लागला. त्या डिस्कवर एक्स्ट-३ ही फाइल सिस्टीम होती. लांबलचक तपासणीची कटकट आता संपली, असं जिच्याबद्दल त्याच्या पाच वर्षं आधी सांगितलं गेलं होतं, तीच ही.

घरोघरी लिनक्स वापरणाऱ्यांनी हाच अनुभव लहान मापात घेतला आहे. कार्यक्रमाला दहा मिनिटं उरलेली असताना लॅपटॉप सुरू करावा आणि पडद्यावर ओळ यावी की ही डिस्क तपासणीशिवाय ठरलेल्या वेळा वापरून झाली, आता सक्तीने तपासणी होणार. मग टक्केवारीचा आकडा मुंगीच्या पावलांनी सरकू लागतो, आणि पाहुणे ताटकळतात. ही तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव एफएससीके. त्याच्या संथपणावर आजवर पुष्कळ खापर फुटलं. पण तो संथ का आहे, हे त्याच्या इतिहासात शिरल्याशिवाय नीट कळत नाही.

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवायला घेतलं. पीडीपी-७ आणि नंतर पीडीपी-११ या यंत्रांवर ते चालायचं. पीडीपी-११ ला जोडली जाणारी आरके-०५ ही डिस्क जेमतेम अडीच मेगाबाइटची होती. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही कधीकधी तिच्यात मावणार नाही. पण त्या अडीच मेगाबाइटवर फाइली मांडण्याची जी पद्धत तेव्हा ठरली, तिचा सांगाडा आजच्या लिनक्समध्येही ओळखू येतो. प्रत्येक फाइलची एक नोंद असते, तिला इनोड म्हणतात. फाइल केवढी, कुणाची, तिचा मजकूर डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांत आहे, हे सगळं इनोडमध्ये असतं. फाइलचं नाव मात्र इनोडमध्ये नसतं. ते डिरेक्टरीत असतं आणि नावासमोर इनोडचा क्रमांक असतो. कोणते ब्लॉक रिकामे आहेत याची यादी आणखी तिसरीकडे.

म्हणजे एक साधी फाइल तयार करायची तरी तीन-चार ठिकाणी लिहावं लागतं. डिस्कचं हेड एका वेळी एकाच जागी असतं. शिवाय वेग वाढावा म्हणून युनिक्स बरंचसं लिखाण आधी मेमरीत साठवून ठेवायचं आणि 'अपडेट' नावाचा छोटा प्रोग्रॅम दर ३० सेकंदांनी ते डिस्कवर उतरवायचा. या दोन क्षणांच्या मध्ये वीज गेली, की डिरेक्टरी एक सांगते, इनोड दुसरंच सांगतो आणि रिकाम्या ब्लॉकांची यादी तिसरंच. यंत्र बंद करण्याआधी 'सिंक' ही आज्ञा तीनदा टाइप करायची, असा रिवाज युनिक्सवाल्यांत पडला तो याच भीतीपोटी.

वीज गेल्यावर या विसंगती निस्तरायचं काम सुरुवातीला माणूसच करायचा. त्याच्या हाताशी सुटी अवजारं होती. 'आयचेक' ब्लॉकांचा हिशेब बघायचा, 'डीचेक' डिरेक्टरीतल्या दुव्यांचा, 'एनचेक' इनोडच्या क्रमांकावरून फाइलचं नाव शोधून द्यायचा आणि 'क्लरी' बिघडलेला इनोड पुसून टाकायचा. कोणतं अवजार कधी चालवायचं, कोणता इनोड पुसायचा आणि कोणता राखायचा, हे फाइल सिस्टीम पाठ असलेल्यालाच जमायचं. तसा माणूस रजेवर असला, की यंत्र बंद.

बेल लॅब्जमधल्या टेड कोवाल्स्की यांनी सत्तरचं दशक संपता संपता हे सगळं ज्ञान एका प्रोग्रॅममध्ये भरलं. तोच एफएससीके. त्यांनी तपासणीचे पाच टप्पे पाडले. पहिल्यात प्रत्येक इनोड वाचून त्याचे ब्लॉक आणि आकार पडताळायचे. दुसऱ्यात डिरेक्टऱ्यांमधली नावं योग्य इनोडकडे जातात का ते बघायचं. तिसऱ्यात प्रत्येक डिरेक्टरी मूळ डिरेक्टरीपर्यंत पोचते का, चौथ्यात प्रत्येक इनोडला किती नावं आहेत आणि त्यात किती लिहिली आहेत, आणि पाचव्यात रिकाम्या ब्लॉकांची यादी खरी आहे का. आजही लिनक्सवर ई-टू-एफएससीके चालवला, की पडद्यावर पाच टप्पे येतात आणि त्यांचा क्रम जवळजवळ हाच असतो. सॉफ्टवेअरच्या जगात एखादी रचना इतकी वर्षं टिकणं विरळा. कोवाल्स्कींच्या विश्लेषणाला दिलेली ती सर्वांत मोठी पावती आहे.

किराणा दुकानातल्या स्टॉक मोजणीसारखं हे काम. वहीत काय लिहिलंय त्यावर विश्वास न ठेवता गोदामात जाऊन पोतं न् पोतं मोजायचं आणि मग वही दुरुस्त करायची. एफएससीकेचा संथपणा इथूनच येतो. कुठे बिघडलं हे माहीत नसल्यामुळे त्याला सगळीकडेच बघावं लागतं. डिस्क जितकी मोठी, तितकी फेरी लांब.

तपासणीत काही फाइली अशा सापडतात की त्यांचा इनोड शाबूत आहे, पण नाव कुठेच नाही. त्या 'लॉस्ट अँड फाउंड' या डिरेक्टरीत ठेवल्या जातात आणि नावाच्या जागी इनोडचा क्रमांक लागतो. ही डिरेक्टरी आधीच तयार करून तिच्यात जागा राखून ठेवावी लागायची. आजारी डिस्कवर नव्या ब्लॉकसाठी हात घालणं तपासणीच्या वेळी धोक्याचं असतं, म्हणून ही तजवीज. अनेक लिनक्स यंत्रांत ती डिरेक्टरी आजही असते. बहुतेकांना ती रिकामीच दिसते, आणि तिचं रिकामं असणं हीच चांगली बातमी.

पुढचा मोठा बदल कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत झाला. मार्शल कर्क मॅकक्यूसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी तिथल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीसाठी १९८३ मध्ये वेगवान फाइल सिस्टीम आणली आणि मॅकक्यूसिक यांनी एफएससीके तिच्यानुसार बदलला. कोणाला विचारल्याशिवाय किरकोळ विसंगती दुरुस्त करायच्या आणि गंभीर काही दिसलं तर थांबून माणसाला हाक मारायची, ही सोय तेव्हाची. यंत्र सुरू होताना तपासणी आपोआप चालते ती त्याच सोयीच्या जोरावर. वेगवेगळ्या डिस्कांची तपासणी एकाच वेळी करायची आणि एकाच डिस्कच्या दोन भागांची मात्र एकापाठोपाठ, हेही याच काळात ठरलं, कारण एकच हेड दोन ठिकाणी पळवलं तर वेळ वाचण्याऐवजी वाढतो. लिनक्सच्या 'एफएसटॅब' फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी ०, १ किंवा २ हा आकडा असतो. मूळ डिस्कला १, बाकीच्यांना २ आणि तपासायचंच नसेल तर ०. हा आकडा बर्कलीचा वारसा.

लिनक्स १९९१ मध्ये हेलसिंकीत जन्मलं, तेव्हा लिनस टॉरवाल्ड्सने मिनिक्स या छोट्या, युनिक्ससारख्या सिस्टीमचीच फाइल सिस्टीम घेतली होती. ६४ मेगाबाइटची कमाल मर्यादा आणि १४ अक्षरांची नावं. ती लवकरच अपुरी पडली. पॅरिसच्या रेमी कार्ड यांनी १९९२ मध्ये एक्स्ट आणि १९९३ मध्ये एक्स्ट-२ दिली. एमआयटीतले थिओडोर त्सो आणि एडिंबरोचे स्टीफन ट्वीडी हे त्यांचे सहकारी. एक्स्टची सुरुवातीची तपासणी लिनसच्या मिनिक्स-तपासणीत फेरफार करून चालवली होती. एक्स्ट-२ साठी त्सो यांनी ती मुळापासून नव्याने लिहिली, आणि ई-टू-एफएससीकेचा सांभाळ त्यानंतर अनेक वर्षं त्यांच्याकडेच राहिला.

एक्स्ट-२ बेफिकीर म्हणावी इतकी वेगवान होती. बीएसडीची फाइल सिस्टीम महत्त्वाच्या नोंदी डिस्कवर उतरेपर्यंत थांबायची. एक्स्ट-२ थांबत नसे. बीएसडीवाल्यांनी यावर कडाडून टीका केली आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. वीज गेली की एक्स्ट-२ वर विसंगती जास्त व्हायच्या आणि सगळा भार तपासणीवर यायचा. डिस्क नीट बंद झाली होती की नाही, याची खूण सुपरब्लॉक नावाच्या मुख्य नोंदीत असायची. खूण बरोबर असेल तर तपासणी टळायची. पण त्सो यांचा स्वस्त पीसीवर विश्वास नव्हता. मेमरी खराब, केबल सैल, डिस्क जुनी आणि कर्नल अजून कच्चं, असा तो काळ. म्हणून सुपरब्लॉकमध्ये मोजणी ठेवली गेली. साधारण वीस वेळा माऊंट झाली, म्हणजे वापरासाठी जोडली गेली, किंवा १८० दिवस उलटले, की डिस्क ठणठणीत दिसत असली तरी तपासायचीच. एका यंत्रातल्या सगळ्या डिस्कांची पाळी एकाच दिवशी येऊ नये, म्हणून पुढे आकड्यात थोडा फरकही ठेवला जाऊ लागला.

भारतात अनेक घरांत लिनक्स पोचलं ते नव्वदच्या दशकात 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून. पुढे २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या लहान शहरांत आणि गावांत रोज काही तास वीज नसायची. यूपीएस नसलेल्या किंवा त्याची बॅटरी दमलेल्या यंत्राला वीज परत आली की ही तपासणी चुकायची नाही. दुरुस्ती आपल्याच्याने होत नाही असं दिसलं, की प्रोग्रॅम सुरुवातच अर्ध्यावर सोडून रूटचा पासवर्ड मागायचा. काळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न यायचे, हा इनोड पुसू का, हा दुवा काढू का, आणि बसलेला माणूस जीव मुठीत धरून 'वाय' दाबत जायचा. मुख्य सुपरब्लॉकच गेला असेल, तर त्याच्या राखीव प्रती डिस्कवर ठिकठिकाणी असतात, हे ठाऊक असणारा तंत्रज्ञ देवासारखा वाटायचा. एक किलोबाइटचे ब्लॉक असतील तर पहिली प्रत ८१९३ व्या ब्लॉकवर आणि चार किलोबाइटचे असतील तर ३२७६८ व्यावर. हे दोन आकडे अनेक सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आजही झोपेत सांगू शकतील.

वेळ नेमका कुठे जातो, हे ई-टू-एफएससीकेच्या प्रगतिपट्टीतच लिहिलेलं आहे. पट्टी शंभर टक्क्यांची असते. त्यातले सत्तर टक्के एकट्या पहिल्या टप्प्याला दिलेले आहेत. दुसरा टप्पा नव्वदला संपतो, तिसरा ब्याण्णवला, चौथा पंचाण्णवला आणि उरलेले पाच टक्के शेवटच्याला. सगळे इनोड वाचणं हेच खरं ओझं, हा अंदाज त्सो यांनी प्रोग्रॅममध्येच नोंदवून ठेवला. पट्टी सत्तरच्या आत रेंगाळत असेल, तर यंत्र अडकलेलं नसतं; ते अजून पहिल्याच टप्प्यात असतं.

ओझं किती, ते हिशेब करून बघण्यासारखं आहे. एक टेराबाइटच्या डिस्कवर दर १६ किलोबाइटमागे एक इनोड या नेहमीच्या प्रमाणाने सुमारे ६ कोटी ७१ लाख इनोड तयार होतात. प्रत्येकी २५६ बाइट धरले, तर नुसत्या इनोडच्या तक्त्याला १६ गिगाबाइट जागा लागते. डिस्कवर फाइली दहा हजार असोत की दहा लाख, जुन्या पद्धतीत हा सगळा तक्ता वाचावा लागायचा. सेकंदाला १०० मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कला फक्त त्यासाठीच पावणेतीन मिनिटं हवीत. आणि हे सलग वाचलं तर. प्रत्यक्षात हेड सलग चालत नाही. एक्स्ट-२ आणि एक्स्ट-३ मध्ये मोठ्या फाइलीच्या ब्लॉकांचे पत्ते वेगळ्या ब्लॉकांत साठवलेले असतात. चार किलोबाइटच्या एका ब्लॉकमध्ये असे १,०२४ पत्ते मावतात. एक गिगाबाइटचा सिनेमा म्हणजे २ लाख ६२ हजार ब्लॉक आणि त्यांच्या पत्त्यांसाठी अडीचशेहून जास्त ब्लॉक, तेही डिस्कभर पसरलेले. सिनेमांनी भरलेली डिस्क तपासताना हेड इकडून तिकडे धावत राहतं.

जून २००६ मध्ये ऑरेगनमधल्या पोर्टलंडला लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर काम करणाऱ्यांची कार्यशाळा झाली. व्हॅल हेन्सन यांनी तिथे मांडलेले आकडे अस्वस्थ करणारे होते. २००६ ते २०१३ या काळात डिस्कची क्षमता सोळापट होईल, वाचण्याचा वेग पाचपट वाढेल आणि हेडला एका जागेवरून दुसरीकडे जायला लागणारा वेळ मात्र १.२ पटीनेच सुधारेल, असा तो अंदाज. म्हणजे कोणी काही केलं नाही, तर तपासणीचा वेळ दहापट होणार. हेन्सन, आर्यन व्हॅन डे व्हेन, अमित गुड आणि झॅक ब्राउन यांनी त्यावर 'चंकएफएस' सुचवली. फाइल सिस्टीमचेच छोटे, स्वतंत्र तुकडे पाडायचे आणि बिघडलेला तेवढाच तुकडा तपासायचा. ती रोजच्या वापरात आली नाही. पण दुरुस्तीचा विचार फाइल सिस्टीम बांधतानाच करायला हवा, हे तिने ठासून सांगितलं.

तोवर दुसऱ्या वाटेने बरंच अंतर कापून झालं होतं. ती वाट म्हणजे जर्नल. काय बदलायचं ते आधी एका जागी टिपून ठेवायचं, मग बदलायचं. वीज गेली, तर सुरू होताना फक्त ते टिपण वाचायचं आणि अर्धवट राहिलेलं पूर्ण करायचं किंवा सोडून द्यायचं. आयबीएमने एआयएक्ससाठी १९९० मध्ये जेएफएस आणली. व्हेरिटास या कंपनीची व्हीएक्सएफएस त्याच सुमाराची. पुढे या कंपनीचं मोठं विकास केंद्र पुण्यात उभं राहिलं आणि साठवणुकीच्या सॉफ्टवेअरचं गंभीर काम तिथे होऊ लागलं. सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस १९९४ ची. लिनक्सला हे उशिरा मिळालं. ट्वीडी यांनी १९९८ मध्ये एक्स्ट-२ ला जर्नल जोडण्याची योजना मांडली, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये २.४.१५ या कर्नलमध्ये एक्स्ट-३ दाखल झाली. त्याआधीच रेड हॅट लिनक्स ७.२ मध्ये ती लोकांच्या हाती पडली होती.

ट्वीडी यांची रचना समजूतदार होती. एक्स्ट-२ असलेल्या डिस्कवर जर्नलची एक फाइल वाढवली, की ती एक्स्ट-३ होते; डेटा हलवावा लागत नाही. वीज गेल्यानंतर जिथे अर्धा तास जायचा, तिथे काही सेकंद पुरू लागले. मोबदला मात्र द्यावाच लागतो. प्रत्येक नोंद दोनदा लिहायची, म्हणजे सुरू होताना वाचलेला वेळ दिवसभर थोडा थोडा करून फेडायचा. हा सौदा फायद्याचा आहे, यात शंका नाही.

तरीही वीस वेळांची मोजणी एक्स्ट-३ मध्ये कायम राहिली. जर्नल आहे तर ही तपासणी कशासाठी, असं लोक वैतागून विचारत. त्यांचा वैताग खरा होता, आणि त्सो यांचं म्हणणंही खरं होतं. जर्नल विजेच्या धक्क्यातून वाचवतं. खराब मेमरीने लिहिलेली चुकीची नोंद ते तितक्याच निष्ठेने जपून ठेवतं. कर्नल डॉट ऑर्गचा तो आठवडा याचा पुरावा. रेड हॅटच्या इन्स्टॉलरने ही मोजणी बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, इतर काहींनी ती चालू ठेवली. त्सो यांनी मधला मार्गही दाखवला होता. डिस्कची वाटणी सांभाळणारी एलव्हीएम ही सोय वापरत असाल, तर चालू डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घ्या आणि रात्री त्यावर तपासणी चालवा. यंत्र बंद करायची गरज नाही. ही सूचना जेवढी पसरायला हवी होती तेवढी पसरली नाही. २०१९ मध्ये तिचंच सुधारलेलं रूप 'ई-टू-स्क्रब' या नावाने अधिकृत साधनांत आलं.

एक्स्ट-४ डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ या कर्नलबरोबर स्थिर म्हणून जाहीर झाली आणि तिने दुखण्याच्या मुळावरच उपाय केला. न वापरलेल्या इनोडचा तक्ता कुठून सुरू होतो याची नोंद डिस्कवरच्या ब्लॉकांच्या प्रत्येक गटात ठेवली गेली. ती नोंद खरी असल्याची खात्री चेकसम या पडताळणीच्या आकड्याने होते. आणि पुढचा भाग तपासणी वगळू शकते. वर सांगितलेल्या १६ गिगाबाइटमधला फार मोठा भाग असा वाचायचाच राहत नाही. ब्लॉकांचे सुटे पत्ते जाऊन त्यांच्या जागी सलग पट्ट्यांच्या नोंदी आल्या. एक नोंद १२८ मेगाबाइटपर्यंतची पट्टी सांगते, त्यामुळे सलग मांडलेल्या एक गिगाबाइटच्या सिनेमाला आठ-दहा नोंदी पुरतात. तपासणी कितीतरी पटींनी झटपट झाली. गाजावाजा मात्र फारसा झाला नाही, कारण न झालेला खोळंबा कोणाच्या लक्षात राहत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंटेलच्या आर्यन व्हॅन डे व्हेन आणि औके कोक यांनी एक स्वस्त ईई पीसी पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. बूट किती सेकंदांत, ही चुरस लागली. २०१० मध्ये यंत्राची सुरुवात सांभाळणारं सिस्टमडी आलं आणि सुरुवातीची कामं समांतर होऊ लागली. या वातावरणात पाच मिनिटांची सक्तीची तपासणी कोणाला परवडणार? २०११ मध्ये ई-टू-एफएस-प्रॉग्ज १.४२ पासून नव्या डिस्कवर वेळांची आणि दिवसांची मोजणी मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. लॅपटॉपसाठी हा निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे एक जबाबदारी गुपचूप वापरणाऱ्याच्या अंगावर आली. आज हजारो डिस्का अशा आहेत की त्यांची पूर्ण तपासणी तयार झाल्यापासून एकदाही झालेली नाही, आणि मालकाला त्याची कल्पनाही नाही.

आता एखादं यंत्र दर वेळी सुरू होताना तपासणीत अडकत असेल, तर त्यामागे बहुधा वेगळं कारण असतं. सर्वांत फसवं कारण घड्याळाचं. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, युनिक्सच्या परंपरेत ग्रीनिचची. न्यूयॉर्कमध्ये दोन्ही सिस्टीम एकाच यंत्रावर असतील, तर लिनक्स सुरू होताना घड्याळ पाच तास मागे दिसतं आणि तासाभरापूर्वी लिहिलेला सुपरब्लॉक भविष्यातला वाटतो. भविष्यातली तारीख म्हणजे गडबड, असं समजून तपासणी सुरू. काही डिस्ट्रिब्यूशनांत घड्याळ दुरुस्त होण्याआधीच तपासणी चालायची, म्हणून हा त्रास वर्षानुवर्षं टिकला. शेवटी २४ तासांपर्यंतचा फरक माफ करायचा, अशी तडजोड ई-टू-एफएससीकेत झाली. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर मात्र घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि ही माफी पुरत नाही. तीस-चाळीस रुपयांचा सेल बदलला की काम होतं.

दुसरं कारण डिस्क मरणपंथाला लागल्याचं. खराब सेक्टर वाचताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद जातात. तिथे तपासणी संथ नसते, डिस्क संपत आलेली असते. तिसरं कारण तर तपासणीचं नसतंच. एफएसटॅबमध्ये लिहिलेली बाहेरची डिस्क जोडलेली नसेल, तर सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट बघतं आणि बघणाऱ्याला वाटतं की डिस्क तपासली जात आहे. 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम' ही आज्ञा आणि त्या बूटचा लॉग, या दोहोंवरून तिन्ही कारणं पाच मिनिटांत वेगळी करता येतात. तपासणी चालूच असेल आणि पट्टी दिसत नसेल, तर ई-टू-एफएससीकेला 'यूएसआर-वन' हा सिग्नल पाठवला की ती उमटते.

घाईने बटण दाबून तपासणी मध्येच तोडण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याचा धोका टेक्सासमधल्या एका मोठ्या संगणन केंद्राने २०१६ मध्ये भोगला. वीज गेली, फाइल सिस्टीमची तपासणी सुरू झाली आणि ती चालू असतानाच पुन्हा वीज गेली. डेटाचं मोठं नुकसान झालं. या प्रसंगाचा आधार घेऊन ओम रामेश्वर गटला, माई झेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की दुरुस्ती अर्ध्यावर तुटली, तर तपासणीचा प्रोग्रॅम पुन्हा चालवूनही न सुटणारा बिघाड होऊ शकतो. रोग्याच्या जिवावर उपचारच उठू शकतो, हे त्याआधी फारसं कोणी तपासलं नव्हतं.

यंत्र बंद न करता तपासायचं, ही कल्पनाही आता जुनी झाली. मॅकक्यूसिक यांनी फ्रीबीएसडीत पार्श्वभूमीवर चालणारी तपासणी आणली. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरन्स यांनी झेडएफएस बांधली ती एफएससीकेशिवायच. तिथे प्रत्येक ब्लॉकचा चेकसम असतो आणि डिस्क चालू असतानाच 'स्क्रब' सगळं वाचून पडताळतो. एक्सएफएसवर सुरू होताना चालणारा एफएससीके एरवी काहीच करत नाही, नुसता यशस्वी म्हणून परततो. तिच्यासाठी डॅरिक वोंग यांनी बरीच वर्षं खपून घडवलेली, चालू डिस्कवरची दुरुस्ती २०२४ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये पोचली.

एक्स्ट-४ वापरणाऱ्या घरच्या यंत्रावर अजून हे सुख पूर्णपणे आलेलं नाही. तेव्हा एफएसटॅबमधला शेवटचा आकडा ० करून तपासणी कायमची बंद पाडण्याआधी लॉग वाचावा. वर्षातून एकदा, निवांत दिवशी, बॅकअप घेऊन आणि चार्जर लावून, बूट करताना कर्नलच्या ओळीत 'एफएससीके डॉट मोड' हा पर्याय 'फोर्स' असा द्यावा आणि पाचही टप्पे पूर्ण होऊ द्यावेत.